गोष्ट सांगणारा गळा

दिवाळीच्या आगेमागे साखर कारखान्याचे बॉयलर पेटले, की माळेगाव बुद्रुकच्या परिसराचे रूपच पालटते. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेल्या उसाच्या फडांत पहाटेपासून कोयते चालू लागतात. कारखान्याच्या रस्त्याला ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग लागते. कडेच्या मोकळ्या रानात कोप्यांचे एक गाव उभे राहते आणि उन्हाळा तापू लागला, की आले तसे मुकाट्याने नाहीसेही होते. बीड जिल्ह्यातून, पाथर्डी-शेवगावच्या बाजूने आलेली ही माणसे. त्यांची मोजदाद माणशी होत नाही. नवरा आणि बायको मिळून ‘एक कोयता’. मुकादमाने किती कोयते आणले, एका कोयत्याला किती उचल दिली, त्यातली किती फिटली आणि किती अंगावर राहिली, अशा भाषेत हा सारा व्यवहार चालतो.

मी बँकेत नोकरी करून निवृत्त झालेला माणूस. हिशेबाच्या भाषेला नाक मुरडणे मला शोभणार नाही. मोजायचे म्हटले की काहीतरी माप ठरवावे लागते. कर्जाच्या अर्जातही क्षेत्र किती, पीक कोणते, तारण काय, जामीनदार कोण, जुनी थकबाकी आहे का, असे सगळे रकाने असतात. ‘हा माणूस घरून निघाला तेव्हा वेशीपर्यंत कोण आले होते’ असा रकाना नसतो. बँकेला त्याचे कारणही नाही. पण तो रकाना कुठेतरी भरला जायला हवा. तो आम्ही भरतो, असे आम्हा कादंबरीकारांना वाटते. गंमत अशी, की जे आम्हाला तीनशे पानांत जेमतेम साधते, ते पाच-सात मिनिटांच्या गाण्यात साधणारी माणसे जगात आहेत. त्यांच्याविषयीचा माझा आदर वयाबरोबर वाढतच चालला आहे.

त्यांच्यातल्या दोघांविषयी आज लिहायचे आहे. एक आपले वाटेगावचे अण्णा भाऊ साठे आणि दुसरा अमेरिकेतल्या न्यू जर्सीचा रॉकगायक ब्रूस स्प्रिंगस्टीन. एकाच्या गाण्याला डफ-तुणतुण्याची साथ, दुसऱ्याच्या गळ्यात गिटार. दोघांची गाठ पडणे शक्यच नव्हते. १९६९ मध्ये अण्णा भाऊ गेले तेव्हा स्प्रिंगस्टीन एकोणीस वर्षांचा पोरगा होता. तरीही दोघांची गाणी ऐकताना ही माणसे एकाच आळीत लहानाची मोठी झाली असावीत असे वाटत राहते.

‘रॉक’ हा शब्द ऐकून घरातल्या वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी उमटेल, याची मला कल्पना आहे. रॉक म्हणजे कानठळ्या, वाढवलेले केस आणि समजत नाहीत असे शब्द! पण आपल्या तमाशाविषयी आणि पोवाड्याविषयीही पांढरपेशा घरांतून एके काळी याच सुरात बोलले जात होते. आवाज मोठा असला म्हणजे आत गोष्ट नसतेच, असे थोडेच आहे?

गाण्यातून गोष्ट सांगणे आपल्याला मुळीच नवे नाही. अफझलखानाच्या वधाचा अज्ञानदासाचा पोवाडा आणि सिंहगडाचा तुळशीदासाचा पोवाडा म्हणजे कथाच आहेत. त्यांत प्रवेश आहेत, संवाद आहेत, ताण आहे आणि मोक्याच्या जागी केलेला विलंब आहे. हे पोवाडे जमवून १८९१ मध्ये छापण्याचे काम शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर एका इंग्रज अधिकाऱ्याने केले. त्याचे नाव हॅरी ॲक्वर्थ. वडाळ्याचे कुष्ठरोग रुग्णालय त्याच्याच नावाने ओळखले जाते. पुढे १८९४ मध्ये त्याने यातल्या काही पोवाड्यांचे इंग्रजी पद्यात भाषांतर केले, तेव्हा ‘पोवाडा’ या शब्दाला त्याने ‘बॅलड’ हा प्रतिशब्द योजला. हीच बॅलडची जात इंग्लंड-आयर्लंड सोडून गेलेल्या लोकांबरोबर अमेरिकेत पोचली होती. तिथे वुडी गथ्रीने १९४० मध्ये, जॉन स्टाइनबेकच्या कादंबरीतल्या देशोधडीला लागलेल्या शेतकरीपुत्रावर ‘टॉम जोड’ हे दीर्घ कथागीत रचले. गथ्रीला गुरुस्थानी मानणाऱ्या बॉब डिलनला २०१६ मध्ये साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. स्प्रिंगस्टीन याच घराण्यातला. म्हणजे नाते जुळवायचेच म्हटले, तर ते चुलत घराण्याचे तरी निघते.

आणि आमच्या बारामतीला तर या बाबतीत बोलण्याचा थोडा अधिकच हक्क आहे. मोरोपंत (१७२९–१७९४) इथलेच. आर्या रचाव्यात त्यांनीच, रामायण सांगावे तर एकशे आठ तऱ्हांनी. पण पंतांची कविता पंडितांच्या ओसरीवरून गावोगावच्या देवळांत गेली ती कीर्तनकारांच्या गळ्यातून. त्यांतले ठळक नाव सोलापूरच्या राम जोशी यांचे. लावणीचा फड गाजवणारा हा शाहीर मोरोपंतांच्या सहवासाने कीर्तनाकडे वळला, अशी परंपरा आहे. १९४७ च्या ‘लोकशाहीर रामजोशी’ या चित्रपटामुळे ती घरोघरी माहीत झाली. लिहिणारा हात आणि सांगणारा गळा यांची अशी गाठ पडली, की गोष्टीला पाय फुटतात.

अशीच गाठ विसाव्या शतकात पुन्हा पडली. १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगावात मातंग कुटुंबात जन्मलेले अण्णा भाऊ दीड दिवस शाळेत गेले, असे सांगतात. लहान वयातच वडिलांबरोबर गाव सोडून त्यांनी मुंबई गाठली. पडेल ते काम केले, गिरणीतही राबले. १९४३ मध्ये त्यांनी स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचला. रशिया पाहिलेला नसताना त्या शहरातली लढाई कामगार वस्तीतल्या श्रोत्यांपुढे उभी करणे म्हणजे कथनशक्तीची कसोटीच. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी ‘लाल बावटा’ कलापथक उभे केले. पुढे १९५९ मध्ये ‘फकिरा’ आली आणि कादंबरीकार म्हणून त्यांचे नाव झाले. पण मला स्वतःला विचाराल, तर कादंबरीकार अण्णा भाऊंचे सगळे बळ त्यांच्या एका छक्कडीत एकवटलेले आहे. ती म्हणजे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत जन्मलेली ‘माझी मैना’.

या छक्कडीची ओळ बहुतेकांना पाठ असते, गोष्ट मात्र फार थोड्यांनी मन लावून ऐकलेली असते. म्हणून ती जरा सावकाश पाहू.

एक तरुण गरिबीपायी मुंबईला निघाला आहे. वेळ भल्या पहाटेची. भाकरीची शिदोरी बांधून झाली आहे. बायको त्याला गावाच्या कडेपर्यंत पोचवायला येते. तिथे तिचा चेहरा उतरतो. तिला हसवावे म्हणून तो आश्वासने देऊ लागतो. तोडे करीन, कोल्हापुरी साज करीन, वज्रटीक करीन, पुतळ्यांची माळ करीन. कानातले, नाकातले, पायातले. दागिन्यांची यादी वाढतच जाते. ती काही हसत नाही. हात उंचावून नुसती उभी राहते. पुढे मुंबई. यंत्रांची, मोटारींची, तलम साड्यांची, माडीवर माडीची मुंबई आणि तिच्यात बेकारांची गर्दी. हा कामाच्या पाठीमागे धावतो आहे. पाऊस कोसळतो आहे. खिसे पाण्याने भरले आहेत आणि जवळ साधी छत्री नाही.

इथे मी प्रत्येक वेळी थांबतो. आमच्या भाषेत सांगायचे तर एका बाजूला कबूल केलेली देणी आहेत आणि दुसऱ्या बाजूला हातातली शिल्लक. तोडे, साज, वज्रटीक एकीकडे आणि नसलेली छत्री दुसरीकडे. अण्णा भाऊ कुठेही म्हणत नाहीत, की पाहा, बिचाऱ्याचे स्वप्न कसे भंगले! ते दागिने मोजतात, मग बरेच अंतर सोडून छत्री आठवतात. मधली वजाबाकी श्रोत्याने करायची. पाचवीतल्या मुलालाही ती जमते आणि जमली की ती विसरता येत नाही. बेकारीवर व्याख्यान देऊन हे साधले नसते.

याहून मोठी करामत पुढे आहे. चळवळ उठते आणि तो तरुण तिच्यात सामील होतो. तेव्हा मैनेची आणि त्याची ताटातूट हीच बेळगाव, कारवार, निपाणी आणि महाराष्ट्र यांची ताटातूट होऊन जाते. नकाशातली रेघ ही सामान्य माणसाला दूरची गोष्ट. पण तोवर आपण त्या पहाटे गावाच्या कडेला उभे राहून आलो आहोत. हात उंचावलेली बाई डोळ्यांपुढून हलत नाही. त्यामुळे बेळगावचे दुःख सांगावे लागत नाही, ते आधीच आपल्या घरात शिरलेले असते. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला, ती गावे मात्र बाहेरच राहिली. ही छक्कड आजही शिळी वाटत नाही, याचे एक कारण तेही आहे. पण गावाच्या कडेला बाई अजून उभी राहते, हे कारण त्याहून मोठे.

अण्णा भाऊंच्या शब्दांना गळा मिळाला तो शाहीर अमर शेखांचा. बार्शीच्या या माणसाने गाण्याचे पहिले धडे आईकडून घेतले. मोटारीवर क्लीनर म्हणून काम केले, गिरणीत काम केले आणि पुढे हजारोंच्या सभा आवाजावर तोलून धरल्या. १८ जुलै १९६९ रोजी अण्णा भाऊ मुंबईत गेले. त्यानंतर अवघ्या ४२ दिवसांनी, २९ ऑगस्टला, अमर शेखांचा अपघाती मृत्यू झाला, तो आमच्या इंदापूरजवळ. राम जोशी आणि मोरोपंत यांची गाठ बारामतीने पाहिली. शेजारच्या इंदापूरच्या वाट्याला या दुसऱ्या गाठीचा शेवट आला.

आता समुद्र ओलांडू. १९४९ मध्ये जन्मलेला ब्रूस स्प्रिंगस्टीन न्यू जर्सीतल्या फ्रीहोल्ड या गावचा. वडिलांच्या नोकऱ्या सारख्या बदलत. कधी कारखान्यात, कधी बसवर. घरातली चणचण त्याने लहानपणापासून पाहिली. तरुणपणी तो मोठ्या वाद्यवृंदासह मैदाने गाजवू लागला. आपल्याकडेही तो येऊन गेला आहे. ३० सप्टेंबर १९८८ रोजी ॲम्नेस्टीच्या मानवी हक्कांसाठीच्या दौऱ्यात दिल्लीच्या नेहरू स्टेडियमवर त्याने गाणी म्हटली. पण मला त्याचे मोठेपण दिसते ते त्याच्या सर्वांत कमी आवाजाच्या गाण्यांत. जानेवारी १९८२ मध्ये त्याने घरीच, चार ट्रॅकच्या साध्या कॅसेट यंत्रावर काही गाणी ध्वनिमुद्रित केली. बेत असा होता, की पुढे वाद्यवृंदासह ती नीट बसवावीत. तसे करूनही पाहिले. पण स्टुडिओच्या झगमगाटात गोष्टी हरवू लागल्या. शेवटी ती घरगुती कॅसेटच ‘नेब्रास्का’ या नावाने त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. गोष्टीपेक्षा वाजंत्री मोठी होता कामा नये, हे त्याने ओळखले. आपल्या कीर्तनकारांना हे शतकानुशतके ठाऊक आहे. आख्यान ऐन रंगात आले, की मृदंग आपोआप हलका होतो.

त्यातले ‘हायवे पॅट्रोलमन’ ऐकावे. जो रॉबर्ट्स हा पोलीस हवालदारासारखा साधा, सरळ माणूस. त्याचा धाकटा भाऊ फ्रँकी मात्र वाया गेलेला. फ्रँकी लष्करात जातो, जो शेती करतो, लग्न करतो. मग गव्हाचे भाव इतके पडतात, की शेतीत राहणे म्हणजे उघड्यावर लुटले जाणे. म्हणून तो पोलिसात शिरतो. ही ओळ ऐकताना बारामती-इंदापूरचा कोणता शेतकरी मान डोलावणार नाही? भाव पडला म्हणून पोराला नोकरीला लावण्याची गोष्ट अमेरिकेची एकटीची नाही. एके रात्री बातमी येते, की गुत्त्यातल्या मारामारीत एक मुलगा गंभीर जखमी झाला आहे आणि मारणारा फ्रँकी आहे. जो गाडी घेऊन पाठलाग करतो. पुढे भावाची गाडी, मागे याची. सरहद्द जवळ येते. जो रस्त्याच्या कडेला गाडी थांबवतो आणि भावाच्या गाडीचे मागचे दिवे कॅनडाच्या दिशेने दिसेनासे होईपर्यंत पाहत राहतो. गाणे संपते.

त्याने बरोबर केले का? गाणे सांगत नाही. जखमी मुलाच्या आईने काय म्हटले असते, हेही सांगत नाही. पण प्रश्न श्रोत्याच्या मनातून जात नाही. भावासाठी जामीन राहिलेली आणि मग स्वतःची जमीन विकून हप्ते भरणारी माणसे मी नोकरीत पाहिली आहेत. त्यांना कोणी शहाणे म्हटले नाही. पण त्यांच्यासमोर नियम वाचून दाखवताना आवाज थोडा खाली येतो. स्प्रिंगस्टीनचा आवाज तिथे तसाच खाली आला आहे.

याच संचात ‘जॉनी ९९’ आहे. मोटारींचा कारखाना बंद पडतो. काम गेलेला एक जण दारूच्या नशेत गोळी झाडून माणूस मारतो. न्यायाधीश त्याला ९९ वर्षांची शिक्षा सुनावतो. तेव्हा आरोपी सांगतो, की डोक्यावर कर्ज होते आणि गहाण पडलेले घर बँक ताब्यात घ्यायला निघाली होती. लगेच तो हेही सांगतो, की म्हणून मी निर्दोष ठरत नाही. बँकेतल्या माणसाने हे गाणे जरूर ऐकावे. त्यात बँकेला शिवी नाही आणि खुनाची भलामणही नाही. फक्त जप्तीच्या नोटिशीवर जे नाव असते, त्या नावाच्या माणसाला एकदा बोलू दिले आहे.

पुढे १९९५ मध्ये स्प्रिंगस्टीनने ‘द घोस्ट ऑफ टॉम जोड’ काढले आणि गथ्रीचा धागा पुन्हा उचलला. १९३० च्या दशकात दुष्काळाने उठलेले शेतकरी पोट भरायला कॅलिफोर्नियाकडे निघाले होते. साठ वर्षांनंतरही रस्त्याच्या कडेला चुली मांडणारी माणसे आहेतच, हे त्याला सांगायचे होते.

आता या दोघांच्या कसबात समान काय, ते पाहू. पहिली गोष्ट अशी, की दोघेही ‘गरीब लोक’ असे म्हणत नाहीत. एक माणूस उभा करतात, त्याच्या तोंडी ‘मी’ देतात आणि आपण बाजूला होतात. दुसरी, दोघांचा भर वस्तूंवर आहे. छत्री, शिदोरी, गाडीचे मागचे दिवे. दुःख हा शब्द गळून गेला, तरी वस्तू जागच्या हलत नाहीत. तिसरी आणि सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे कुठे थांबायचे हे दोघांनाही कळते. आम्ही कादंबरीवाले इथेच कमी पडतो. भावाची गाडी दिसेनाशी झाल्यावर आम्ही आणखी दोन प्रकरणे लिहिली असती.

एक उणे मात्र नोंदवले पाहिजे. दोघांच्याही या गाण्यांत बोलतो तो पुरुष. मैना हात उंचावते, पण बोलत नाही. जोची बायको मारिया नाचते, पण तीही बोलत नाही. बाईची गोष्ट बाईने सांगितलेली ऐकायची, तर आपल्याला जात्याकडे जावे लागते. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवां यांनी आयुष्याची कितीतरी वर्षे खर्चून गावोगावच्या बायकांकडून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत माहेर आहे, भाऊ आहे, सासरचा जाच आहे, पाऊस आणि पीक आहे आणि प्रत्येक ठिकाणी ‘मी’ म्हणणारी बाई आहे. अमर शेखांना गाणे आईकडून मिळाले, हे इथे पुन्हा आठवावे. मोठ्या गळ्यांची मुळे अशी घरात असतात.

म्हणून मला ‘एक कोयता’ या शब्दाची अडचण वाटते. त्या शब्दात दोन माणसे आहेत. त्यांतली एक पहाटे उठून भाकरी थापते, मग फडात जाऊन मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते आणि संध्याकाळी पुन्हा चुलीपुढे बसते. हिशेबात तिचे नाव नाही. ते नाव हिशेबात आणणे हे कायद्याचे आणि कारखानदारीचे काम आहे. ते झाले पाहिजेच. पण त्या आधी आणि त्या नंतरही तिचे नाव कोणी तरी गाण्यात घ्यायला हवे, कारण आकडा पाहून आपण सुधारणा करतो आणि गोष्ट ऐकून आपल्याला लाज वाटते. समाजाला दोन्हींची गरज असते. आज कोप्यांतल्या पोरांच्या हातातही मोबाइल आहे. मैना आणि जो रॉबर्ट्स यांच्या पंक्तीला बसेल असे एखादे गाणे त्यांच्यातलाच कोणी, किंवा कोणी तरी मुलगी, या हंगामात जुळवत असेल, अशी आशा धरायला काय हरकत आहे?

तोवर एक सुचवतो. आज रविवार आहे, घरी सगळे आहेत. मुले त्यांची गाणी ऐकतात, आपण आपली. एक दिवस अदलाबदल करावी. मुलांना ‘माझी मैना’ पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकवावी, मध्ये बोलू नये. मग त्यांना ‘हायवे पॅट्रोलमन’ लावायला सांगावे आणि शब्द समजले नाहीत तर अर्थ त्यांच्याकडूनच विचारून घ्यावा. शेवटी दोनच प्रश्न काढावेत. त्या तरुणाने पहिल्या पगारात दागिना घ्यावा की छत्री? आणि जोने गाडी थांबवली ते बरोबर केले का? जेवण निवेल, पण घरात बरेच दिवसांनी सगळे जण एकाच विषयावर भांडतील.